दोन जुळण्यांमधला वेळ

कीबोर्डसमोर बसा. अजून काही वाजवू नका.

दिवा मंद असू दे. पंख्याची घरघर असेल तर तीही असू दे.

कीबोर्ड सुरू करा. छोटा पडदा उजळतो. आवाजाची खुंटी निम्म्यावर आणा.

उजव्या हाताचं मधलं बोट मधल्या सप्तकातल्या पांढरी एकवर टेकवा. दाबू नका. पट्टीचा गारवा बोटाला कळू दे.

श्वास घ्या. सोडा.

आधी टच बंद करू, म्हणजे बोटाप्रमाणे स्वर लहानमोठा करण्याची सोय. सेटिंगमध्ये 'फिक्स्ड' किंवा 'ऑफ' असं लिहिलेलं असतं.

पट्टी अलगद दाबा. आता जोरात. स्वर तेवढाच येतो.

मी कित्येक महिने असंच वाजवलं. सगळे स्वर सारखे येत, त्यात निर्धास्त वाटे. बोटाला काही म्हणायचं आहे, हे मात्र कुठेच पोचत नव्हतं.

आता टच सुरू करा. मीडियमवर ठेवा. व्हॉइस पियानोचा निवडा.

पुन्हा तीच पट्टी. हळू.

अजून हळू.

या पट्टीखाली दोन बारीक संपर्क आहेत. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. कीबोर्ड जोर मोजत नाही. तो या दोन जुळण्यांमधला वेळ मोजतो. वेळ थोडा, तर स्वर मोठा. वेळ जास्त, तर स्वर हळुवार.

तो वेळ सेकंदाचा लहानसा अंश. तरी तिथे लक्ष नेऊन पाहा.

पहिला जुळला. दुसरा अजून नाही.

आता स्वर.

पुन्हा एकदा. घाई नाही.

१९८३ साली आलेल्या मिडी या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या पद्धतीत पट्टी खाली जाण्याच्या वेगाला १ ते १२७ असे आकडे आहेत. एका पट्टीत एवढ्या पायऱ्या. मोजू नका. फक्त सगळ्यांत खालच्या पायऱ्यांवर थोडा वेळ राहा, जिथे स्वर कुजबुजतो.

तिथे श्वासही हळू होतो. होऊ दे.

आता टच सॉफ्टवर न्या. नावावरून वाटेल, स्वर हळू येईल. बहुतेक कीबोर्डवर उलट घडतं: हलक्या बोटालाही भरदार स्वर मिळतो. लहान मुलाच्या बोटांना हे बरं. थकलेल्या हातांनाही.

मग हार्ड. इथे मोठ्या स्वरासाठी बोटाला पट्टीत खोल उतरावं लागतं. पण हळुवार स्वरांना ऐसपैस जागा मिळते. मला रात्री हेच आवडतं.

तुमचं बोट कुठे स्वस्थ आहे? उत्तर देऊ नका. बोटाला विचारा, आणि वाट पाहा.

आता व्हॉइस बदला. ऑर्गन घ्या. चर्चमधल्या खऱ्या पाइप ऑर्गनमध्ये बोटाच्या जोराने स्वर लहानमोठा होत नाही. नळीत वारा आहे तोवर स्वर आहे.

आणि आपली पेटी. तिथेही पट्टीला जोर कळत नाही. जोर डाव्या हाताच्या भात्यात असतो. डोळे मिटा. भाता आठवा. डावा तळवा आपोआप थोडा हलतो का, पाहा.

हलला तर हलू दे.

परत पियानोवर या. पांढरी एक. एकदाच दाबा, आणि पट्टी खालीच धरून ठेवा.

स्वर उमटतो. पसरतो. मग बारीक होत जातो.

त्याच्या मागे मागे जा.

आता तो पंख्याच्या घरघरीत मिसळतोय. अजून आहे का? ऐका.

मिडीत शून्य वेगाचा स्वर म्हणजे सोडलेली पट्टी, असं धरतात.

बोट हळूच वर येऊ दे.