पाटी नसलेला खर्च

भोपाळच्या बरखेड्यात घर, दवाखाना, शाळा, मैदान या सगळ्यावर कारखान्याचा हात फिरलेला आहे. हेवी इलेक्ट्रिकल्स स्थापन झाली १९५६मध्ये. तिच्या मागोमाग गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा या भागांत कामगारांची वसाहत वसली आणि लागेल ते कंपनीने बांधून दिले. सरकारी कंपन्यांचा हात आता तितका सैल नाही. अशा वसाहतीतल्या शाळेला रंगमंच, संगीताची खोली, नाचाच्या सरावाला लाकडी जमीन हवी असेल, तर पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना खिशात हात घालावा लागेल. त्यांनी तो जरूर घालावा. मात्र पावतीपुस्तक छापण्याआधी पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाचे काय झाले, ते एकदा नीट पाहावे.

ही हकीकत मध्य प्रदेशाला परकी नाही. पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींचे शिष्य. ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजली ती मुख्यत्वे बाळकृष्णबुवांमुळे. मिरजेत बुवांकडे तयार झालेले विष्णु दिगंबर १८९६मध्ये तिथून बाहेर पडले. दरबारात आणि दिवाणखान्यात अडकलेले गाणे त्यांनी तिकीट लावून चारचौघांपुढे आणले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी विद्यालय उघडले. ते कुणा संस्थानिकाच्या खजिन्यावर अवलंबून नव्हते. लोकांच्या देणग्या आणि स्वतः पंडितजींच्या जलशांची कमाई, एवढाच त्याला आधार होता.

दुसरी वाटही त्याच काळात तयार होत होती. १९१८मध्ये संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली महाराज माधवराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला संगीत विद्यालय काढले. दरबाराचा पैसा महिन्याच्या महिन्याला येतो, ही त्या वाटेची मोठी सोय. लोकवर्गणीत ती नसते. पण शंभर घरांनी उभी केलेली संस्था एका माणसाच्या मर्जीवर चालत नाही, आणि जिथे आपले चार पैसे पडले तिथे काय चालले आहे हे माणूस अधूनमधून डोकावून पाहतो. म्हणून, अडचणी धरूनही, वर्गणीची वाटच अधिक मोलाची आहे.

ती वाट कुठे खचते, हे मुंबईत दिसले. १९०८मध्ये विद्यालय मुंबईत आले, वाढले, आणि सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत उभी राहिली. त्यासाठी मोठे कर्ज काढले होते. ते फेडायला पंडितजी गावोगाव गात हिंडले. जलशाचे उत्पन्न कधी भरघोस, कधी जेमतेम. व्याज मात्र ठरल्या तारखेला दारात उभे. अखेर देणे फिटेना, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सावकारांनी इमारत लिलावात काढली.

तरीही विद्यालय संपले नाही. त्याचे कारण ‘उपदेशक वर्ग’. पुढे संगीत शिकवण्याचे व्रत घेतलेल्या मुलांना पंडितजींनी वर्षानुवर्षे आपल्याकडे ठेवून शिकवले, त्यांच्या राहण्याजेवणाचा भार उचलला. देणगीदाराचे नाव कोरावे असे त्या खर्चात काहीच नव्हते. पण पंडितजींच्या शिष्यांची नावे पाहावीत: ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. पलुस्कर १९३१मध्ये गेले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. १९३२मध्ये विनायकबुवांनी पुण्यात विद्यालय काढले. देवधरांच्या मुंबईतल्या शाळेत लहानगा कुमार गंधर्व शिकला आणि पुढे १९४८मध्ये देवासला येऊन राहिला. देवास ते भोपाळ हा काही तासांचा रस्ता.

शाळेच्या रंगमंचासाठी वर्गणी निघते तेव्हा पहिला प्रश्न पाट्यांचा असतो. सभागृहाला कुणाचे नाव, पडद्याला कुणाचे, खुर्चीच्या पाठीवर कुणाचे. यात गैर काही नाही. आईच्या नावाने दान द्यावेसे वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण उद्घाटनानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तबल्याची पुडी उतरते, हार्मोनियमचे दोन सूर बसतात, तंबोऱ्याची जवारी बिघडते. तालमीला रोज ठेका धरून बसणारा तबलजी दरमहा मानधन मागतो, आणि ते मागणे रास्त असते. पुडीवर कुणाचे नाव घालणार? मग संगीताच्या सरांचा तास आठवड्यातून एकदा, पुढे स्नेहसंमेलनापुरता, आणि एरवी सभागृहात परीक्षेचे बाक.

बरखेड्याला एक गोष्ट सोपी जावी. कारखान्यातल्या माणसाला पगारातून कापला जाणारा सोसायटीचा हप्ता नवा नाही. त्याच शिस्तीने रंगमंचाची वर्गणी दरमहा थोडी थोडी घ्यावी. जमलेल्या रकमेचा निम्मा भाग कायम ठेवीत टाकावा आणि त्याच्या व्याजातून संगीतशिक्षक, तबलजी आणि वाद्यांची दुरुस्ती भागवावी. उरलेल्या पैशांत बसेल तेवढेच बांधकाम काढावे, कर्ज काढू नये. पहिल्या वर्षी फक्त लाकडी चौथरा, दोन दिवे आणि काळा पडदा झाला तरी चालेल. मुले त्यावर नाटक करतील. वातानुकूलित सभागृहाचा नकाशा कुणी पुढे केला, तर पालकसभेने आधी तबलजीच्या बारा महिन्यांच्या मानधनाची तरतूद विचारावी.