फ्रेडची परवानगी

कुठल्याही वादात दोन्ही बाजू पटणं हा एक आजार आहे आणि माझ्या बाबतीत तो फार जुना आहे. पहिला वक्ता बोलतो तेव्हा माझी मान होकारार्थी हलते. दुसरा त्याचं खंडन करतो तेव्हाही तीच मान तितक्याच उत्साहाने हलते. अशा माणसाने श्रद्धा, स्त्रीमुक्ती आणि जुनी मूल्यं या त्रिकुटाच्या वाटेला जाऊ नये. पण अमेरिकेतल्या एका गाजलेल्या भांडणाविषयी मी वाचायला घेतलं आणि मानेला विश्रांती म्हणून मिळेना.

भांडण होतं घटनादुरुस्तीचं. कायद्याने मिळणारे हक्क बाई की पुरुष हे पाहून नाकारले जाणार नाहीत, एवढाच त्या कलमाचा आशय. इंग्रजीत अवघे २४ शब्द. आमच्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालण्याविषयीची सूचना याहून मोठी आहे. मार्च १९७२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ते मंजूर केलं. आता ५० पैकी ३८ राज्यांनी होकार दिला की काम झालं. वर्षभरात ३० राज्यांनी दिलासुद्धा! उरली आठ, ती कितीशी, असं वाटत असतानाच इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन गावच्या फिलिस श्लॅफ्ली नावाच्या बाई पदर खोचून उभ्या राहिल्या.

बाई कॅथलिक, श्रद्धाळू, सहा मुलांची आई. बाईचं खरं वैभव तिच्या घरात आहे, असं त्यांचं म्हणणं. हे सांगण्यासाठी त्या देशभर हिंडत असत, म्हणजे बहुतेक वेळ घराबाहेरच. काँग्रेसची निवडणूक त्या दोनदा लढवून हरल्या होत्या, पुस्तकं लिहीत होत्या, स्वतःचं वार्तापत्र चालवत होत्या, आणि या धामधुमीत पन्नाशी उलटल्यावर, १९७८ साली, त्यांनी वकिलीची पदवीही पदरात पाडून घेतली. घरी बसण्याचा पुरस्कार करायला एवढी यातायात पडत असेल, तर नोकरी काय वाईट? भाषणाच्या सुरुवातीला त्या, मला इथे येऊ दिल्याबद्दल माझे पती फ्रेड यांचे आभार, असं म्हणत. समोरच्या स्त्रीमुक्तिवाद्यांचा तिळपापड होई, आणि तो व्हावा म्हणूनच आपण तसं म्हणतो, हेही त्या मोकळेपणाने सांगत. त्यांच्या कार्यकर्त्या आमदारांना घरी भाजलेला पाव आणि घरचा जॅम नेऊन देत. मतं वळवण्याची इतकी चविष्ट पद्धत माझ्या तरी ऐकिवात नाही.

इथवर हसणं सोपं आहे. पण त्या पाव भाजणाऱ्या बायका काही खुळ्या नव्हत्या. विशीत लग्न करून तीस वर्षं घर ओढलेली एखादी बाई घ्या. धर्माने आणि कायद्याने तिला एक वचन दिलं होतं : तू घर सांभाळ, नवरा तुला सांभाळेल. आता कुणीतरी येऊन म्हणतं, बाई गं, आजपासून तुम्ही दोघं समान, तुझं तू कमव. पन्नासाव्या वर्षी, ना पदवी ना अनुभव! शिवाय व्हिएतनामचं युद्ध ताजं होतं. समानता म्हणजे मुलींनाही सक्तीने सैन्यात धाडणार की काय, ही धास्ती होतीच. आणि सगळ्यांत झोंबत होतं ते वेगळंच. आपलं सारं आयुष्य ही एक फसगत होती, असं शिकल्यासवरल्या बायका आपल्याला ऐकवताहेत, असं तिला वाटे. १९७३ मध्ये एका जाहीर वादात बेटी फ्रीडन यांचा तोल गेला आणि श्लॅफ्लीबाईंना खांबाला बांधून जाळावंसं वाटतं, असं त्या बोलून बसल्या. झेंडा नव्या युगाचा, पण शिक्षा आठवली ती मध्ययुगातली!

माझी मान आता श्लॅफ्लीबाईंकडे कलू लागली. हे सगळं मी सौ.ला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. वर न बघता तिने विचारलं, "आणि फ्रेड नको म्हणाला असता तर?"

एवढा मोठा वाद त्या जुडीबरोबर तिने निवडून ठेवला. श्लॅफ्लीबाईंच्या चळवळीचं नावच मुळी 'आमच्या सवलती काढून घेऊ नका' अशा अर्थाचं होतं. सवलत देणाऱ्याच्या स्वभावावर चालते, हक्काला स्वभाव लागत नाही. फ्रेड सुखवस्तू वकील. बायको देश पालथा घालते आहे हे त्याला चालत होतं. म्हणून त्याची परवानगी हा भाषणातला विनोद होऊ शकला. ज्या घरात परवानगी खरोखरच मागावी लागते, तिथल्या बाईला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. कायदा लागतो तो तिला.

मुदत वाढवून मिळाली, तरी जून १९८२ मध्ये गाडी ३५ राज्यांवरच थांबली. श्लॅफ्लीबाई २०१६ साली वारल्या. त्यांच्या इलिनॉयने २०१८ मध्ये होकार दिला आणि २०२० मध्ये व्हर्जिनियाने ३८ चा आकडा गाठून दिला. पण मुदत कधीच टळली होती. त्यामुळे तो वाद आता वकिलांच्या हवाली आहे.

मग श्रद्धेचं काय करायचं? ती फ्रेडच्याच पक्षात असते का? याचं उत्तर मला पंडिता रमाबाईंकडे मिळालं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावं असा विचार निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी कळवलं, की आई आणि मी तरुणांना शिकवत होतो त्याला माझ्या वडिलांनी वा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही. ती इंग्रजांनी घ्यावी याचं नवल वाटतं. सुधारलेल्या देशात बाईंना सोवळं भेटलं ते असं! पण म्हणून त्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि भांडणही सोडलं नाही. पुढे अख्खं बायबल मराठीत आणलं. देवावर विश्वास ठेवणं आणि बिशपचं ऐकणं ही दोन खाती त्यांनी वेगवेगळी ठेवली.

आता कुणी मला जुन्या मूल्यांची थोरवी सांगू लागलं, की मी एवढंच विचारतो : फ्रेड नको म्हणाला, तर तुमचं मूल्य कुणाच्या बाजूने उभं राहणार? आणि मुक्तीची थोरवी सांगणाऱ्यालाही एक प्रश्न ठेवलेला आहे : पाव भाजण्यातच सुख मानणारी बाई दारात आली, तर तुम्ही तिला बसायला खुर्ची देणार, की काडेपेटी शोधणार?