शनीची मुदत

जालना जिल्हा मोसंबीचा म्हणून ओळखला जातो. 2012-13 च्या दुष्काळात येथील कितीतरी बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. पोटच्या पोरासारखी वाढविलेली झाडे सरपणाला तोडताना शेतकऱ्याच्या मनात दोनच प्रश्न असतात : हे माझ्याच वाट्याला का, आणि आणखी किती दिवस? ज्योतिष्याकडे दोहोंची उत्तरे तयार असतात. साडेसाती आहे, अमुक महिन्यात संपेल. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो, तीन राशींची साडेसात. दुःखाला कारण मिळाले, मुदतही मिळाली. माणूस हलका होऊन घरी परततो. आपल्या कॅथलिक घरांतूनही माणसे जातात, फादरांना कळणार नाही अशा बेताने.

हा हलकेपणा खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. खोटे आहे ते ज्ञान. 2008 साली डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 27 ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 पत्रिका देऊन त्यांतील हुशार मुले कोणती व मतिमंद कोणती, हे ओळखण्यास सांगितले. सरासरी 46 टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही निम्मी आली असती. संत ऑगस्टिनही तरुणपणी या नादी लागले होते. फिर्मिनस नावाच्या मित्राने त्यांना आपल्याच जन्माची हकीकत सांगितली. त्याच घटकेला वडिलांच्या स्नेह्याच्या घरी एका दासीलाही मूल झाले होते. पत्रिका एकच, पण हा वैभवात वाढला आणि ते मूल गुलामच राहिले.

मग दिलासा येतो कोठून? ज्योतिषी ऐकतो. जन्मवेळेपासून आरंभ करून तो बराच वेळ एकाच माणसाविषयी बोलतो. आपण मिस्सेनंतर पाऊसपाण्याची चौकशी करतो आणि निघतो. कर्जाविषयी विचारीत नाही. अर्थात दिलाशाची किंमतही असते. सारे शनीवर ढकलले की सावकाराच्या कागदावर केलेल्या सहीकडे पाहावे लागत नाही. आणि मुदत सरूनही पाऊस आला नाही तर? ख्रिस्तसभेच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथाने 2116 व्या परिच्छेदात ज्योतिष वर्ज्य ठरविले, ते योग्यच आहे. परंतु नुसत्या मनाईने त्या माणसाच्या प्रश्नांना उत्तर मिळत नाही.

ईयोबाला कारण मिळाले नाही, मुदतही नाही. त्याचे तीन मित्र मात्र सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट्याने बसले. (पुढे ते कारणे सांगू लागले आणि सारे बिघडले.) आपल्या धर्मग्रामातून वाळलेल्या बागेच्या बांधावर असे कोण जाऊन बसले होते, हे आम्ही आठवून पाहिले. एकही नाव आठवले नाही.