हुन्नर कोणाच्या मुलाने शिकावा?

गरिबाच्या मुलाला एखादा हुन्नर शिकवावा, म्हणजे तो उपाशी राहणार नाही, असे आपण सारेच म्हणतो. मी शाळामास्तर, दहावीचा निकाल लागला की हे बोल माझ्या कानांवर पडतातच. सल्ला वाईट नाही. परंतु तो कोण कोणाला देतो हे पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते. मोलकरणीच्या मुलाला आयटीआय सुचवणारे गृहस्थ स्वतःच्या चिरंजिवांना, गुण बेतास बात असले तरी, देणगी भरून कॉलेजात धाडतात. (चिरंजिवांना रंधा धरता आला तर बिघडेल काय? पण मग लग्न कसे जमायचे!)

१९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम मांडली, ती सर्वांच्याच मुलांसाठी. मुलांनी केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, हे त्यांचे म्हणणे पुष्कळांना रुचले नाही. मुलांना मजूर करणार काय, असे विचारले गेले. ती शंका पोकळ नव्हती. पण पुढे बहुतेक शाळांत टकळी तेवढी उरली, तीही तासापुरती.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम काढला. तिथली मुले वेल्डिंग करतात, विजेची जोडणी करतात, कोंबड्या पाळतात, आणि गावाला लागेल ती वस्तू करून देणे हाच त्यांचा अभ्यास. फाटक चौकटीत बसले नाही तर ते पुन्हा करावे लागते. तिथे पस्तीस गुणांवर सुटका नाही. हे मला फार मोलाचे वाटते.

तरीही एक प्रश्न उरतोच. आपले सुतार, लोहार, कुंभार पिढ्यान् पिढ्या हुन्नरी होते. मग ते श्रीमंत का झाले नाहीत? बलुत्याचे धान्य किती घालायचे ते कारागिराच्या हाती फारसे नव्हतेच. आजही एका गावात वीस बायकांना शिवण शिकवले आणि गिऱ्हाईक पाचांपुरतेच असले, तर शिलाईचा भाव पडतो, आणि आधीपासून शिवणारी जी एखादी विधवा असते तिचीही भाकरी अर्धी होते. वर्ग काढणाऱ्यांच्या अहवालात मात्र वीस प्रमाणपत्रे दिसतात.

परवा बाजारात कुंभारणीने पणत्यांचे डझनाला साठ रुपये सांगितले. शेजारच्या बाईंनी चाळीसला मागितल्या, आणि पन्नासला घेतल्या. मग समोरच्या दुकानातून मिठाईचा पेटारा घेतला. त्यावर किंमत छापलेली होती.