मुरघासाचा कर्ता कोण?

हिरव्या मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद खड्ड्यात आंबवून टिकवलेली वैरण, उत्तम उतरला, तर तो केला कोणी? उत्तर सोपे वाटते: ज्याने मका पेरला, वेळेवर कापला, कुट्टी करून खड्ड्यात दाबला, त्या शेतकऱ्याने. पण खड्ड्यात प्रत्यक्ष काय घडते ते पाहिले की हे उत्तर डळमळू लागते. वैरण टिकते ती लॅक्टिक आम्लामुळे, आणि ते आम्ल तयार करतात मक्याच्या ताटापानांवर आधीपासूनच वस्तीला असलेले जिवाणू. साखरेचे आम्ल होणे शेतकऱ्याच्या हातात नाही. ते होताना त्याला दिसतही नाही. मग कर्तेपण कोणाकडे द्यायचे? माणसाच्या कर्तृत्वाविषयी दोन टोकाची उत्तरे आपल्या ओळखीची आहेत. ‘सारे मीच केले’ हे एक, आणि ‘करणारा वेगळाच, आपण नुसते निमित्त’ हे दुसरे. मुरघास या दोन्ही उत्तरांना खोटे पाडतो, असे माझे म्हणणे आहे. माणूस परिणाम घडवत नाही, तो परिणामासाठी परिस्थिती घडवतो. हा वाटा अहंकाराला वाटतो त्याहून लहान आहे, आणि दैववादाला वाटतो त्याहून कितीतरी मोठा.

आधी वस्तुस्थिती नीट पाहू. मका कापायचा तो दाणे चिकात असताना, ताटात साधारण ६५ ते ७० टक्के पाणी असते तेव्हा. त्याआधी कापला तर रस पाझरून जातो आणि जादा ओलाव्यात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात. ते ब्युटिरिक आम्ल तयार करतात आणि वैरणीला कुजका, उग्र वास येतो. फार उशीर केला तर ताटे वाळतात, नीट दबत नाहीत आणि मध्ये हवा अडकते. कुट्टी एक-दोन सेंटिमीटरची हवी, म्हणजे थर घट्ट बसतो. हवा का नको? कापलेली वनस्पती लगेच मरत नाही. तिच्या पेशी श्वसन करत राहतात, जिवाणूंसाठी हवी असलेली साखर जाळतात आणि ढीग तापवतात. हवा संपली की लॅक्टिक आम्लाचे जिवाणू जोमाने वाढतात, सामू सहाच्या आसपासून चारपर्यंत उतरतो, आणि त्या आंबटपणात कुजवणाऱ्या जिवाणूंचे काही चालत नाही. या साखळीत शेतकऱ्याचा हात लागतो तो कापणीची वेळ, कुट्टीची लांबी, दाब आणि झाकण एवढ्यालाच. पुढचे सगळे काम दुसऱ्यांचे.

आपल्या दर्शनांत कारणाची चर्चा आली की कुंभार आणि घट हे उदाहरण हटकून येते. कुंभाराच्या मनात आकार असतो, बोटे तो मातीवर उमटवतात, आणि घट झाला की श्रेय कुणाचे याबद्दल शंका उरत नाही. कर्तृत्वाचा हा नमुना आपण इतका मुरवून घेतला आहे की शेती, संगोपन, शिक्षण या साऱ्यांना तोच लावतो. पण मुरघासात माणसाची बोटे परिणामापर्यंत पोचतच नाहीत. इथे गीतेच्या अठराव्या अध्यायातली मांडणी अधिक खरी वाटते. तिथे प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. लगेच पुढे असेही म्हटले आहे, की इतके असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची दृष्टी नीट नाही. या यादीतून कर्ता वगळलेला नाही. त्याला पाचांपैकी एक ठरवले आहे. पाचव्या कारणाचा अर्थ शंकराचार्य आणि रामानुजाचार्य वेगवेगळा लावतात, पण आपल्या ताब्याबाहेरची शक्ती कर्मात भागीदार असते, हे दोघांनाही मान्य आहे.

यावर विज्ञानाच्या बाजूने आक्षेप येईल: ही सारी अज्ञानाच्या काळातली नम्रता, आज माणूस जिवाणूंवर अवलंबून कुठे आहे? आक्षेपाला आधारही आहे. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी हिरव्या चाऱ्यात थेट खनिज आम्ल मिसळून सामू चारच्या खाली आणण्याची पद्धत शोधली. चारा टिकवण्याच्या या कामाचा १९४५च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात खास उल्लेख झाला. जिवाणूंचे काम माणसाने हिसकावून घेतले, असे यावरून वाटेल. पण विर्तानेन यांच्या आम्लानेही चारा घडवला नाही. पेशींचे श्वसन आणि नको असलेल्या जिवाणूंची वाढ रोखून त्याने फक्त परिस्थिती बदलली. चाऱ्यातली प्रथिने आधीच गवताने घडवलेली होती, आणि पुढे त्यांचे दूध करणार होती गाय. आज जिवाणूंचे तयार कल्चर वापरणारा शेतकरीही मदतनीस निवडतो, त्यांचे काम स्वतः करत नाही. ज्ञान वाढले की परिस्थिती घडवण्याचे कौशल्य वाढते. कर्तृत्वाचा प्रकार तोच राहतो.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. कर्ता जर पाचांतला एक, तर मुरघास नासला की दोष पाचांत वाटून टाकायची सोय झाली. हवामान वाईट होते, जिवाणूंनी साथ दिली नाही, नशीब! पण मुरघासाचा अनुभव नेमका उलट शिकवतो. तो क्वचितच विनाकारण नासतो. झाकण फाटलेले असते, कडा दाबलेल्या नसतात, कुट्टीबरोबर माती आलेली असते. परिणाम आपल्या हाती नसल्यामुळेच परिस्थितीची जबाबदारी पूर्णपणे आपली होते. चूक नंतर हाताने दुरुस्त करता येत नाही. आणि या चुकीची किंमत मोजणारा दुसराच असतो. बुरशी लागलेल्या वैरणीतले अफ्लाटॉक्सिन जनावराच्या यकृतावर घाव घालते आणि दुधातही उतरते; नीट न आंबलेल्या मुरघासातून लिस्टेरियाचा संसर्ग होतो. दावणीला बांधलेल्या जनावराला समोर येईल ते खायचे की उपाशी राहायचे, एवढीच निवड असते. त्याच्यापुढे दैवाची सबब सांगण्याचा अधिकार मालकाला नाही.

कर्तृत्वाचा आणखी एक पैलू मुरघास दाखवतो: न करणे. बंद केलेला खड्डा साधारण ४५ दिवस उघडायचा नाही असा सल्ला असतो. मध्येच कोपरा उचलून पाहिले तर आत ऑक्सिजन शिरतो आणि उत्सुकतेपोटी काम बिघडते. या दिवसांत हात आवरणे हा आळस नव्हे. कापणीइतकेच ते विचारपूर्वक केलेले कर्म आहे. अकर्मात कर्म पाहण्याची दृष्टी गीता सांगते. तिचे इतके रोखठोक उदाहरण दुसरे सापडणे कठीण. मूल वाढवणारे आईबाप, शिकवणारा शिक्षक, संस्था उभारणारा कार्यकर्ता या सर्वांचे परिणाम दुसऱ्या जिवांच्या आत घडतात. तिथे कुंभारासारखा हात चालवू पाहणारा सतत झाकण उचलत राहतो, आणि दैवावर भार टाकणारा ते घट्ट बसवतच नाही. वेळ साधणे, हवा बाहेर ठेवणे आणि मग थांबणे, एवढे ज्याने चोख केले, त्याला परिणामाचे सगळे श्रेय मागता येणार नाही. पण आपल्या वाट्याचे काम पूर्ण केले, असे तो निःशंकपणे म्हणू शकतो. माणसाच्या कर्तृत्वाचे खरे माप मला तेच वाटते.