जांभळाचा मध आणि उद्दालक

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला मधाचा दृष्टान्त देतो. मधमाश्या नाना झाडांचे रस आणून त्यांचा एकच रस करतात. मग मी अमक्या झाडाचा, मी तमक्या झाडाचा, हा विवेक त्या रसांना उरत नाही. जीवही सत्‌मध्ये असेच मिसळतात आणि आपण मिसळलो हे त्यांना कळत नाही. त्या अध्यायात ‘तत्त्वमसि’ हे महावाक्य नऊ वेळा येतं, त्यातलं दुसरं या मधाच्या पाठोपाठ. भेद विरून जाण्याचं याहून गोड उदाहरण मला ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात महाबळेश्वरहून मांघरच्या बाजूला पायी उतरत होतो. २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं देशातलं हे पहिलं गाव. वळणावर, जांभळांच्या दाट सावलीत, एक म्हातारे मधपाळ पेटीचं झाकण उचलत होते. “पावणं, दारासमोर नगा उभं राहू, त्यांची वाट अडती. असं कडंनं या.” मी कडेला सरकलो. चिंधीचा थोडा धूर देऊन त्यांनी सातेरी माश्यांनी भरलेली एक चौकट उघड्या हातांनी वर काढली. वरच्या घरांवर मेणाची पांढरी झाकणं बसली होती. म्हणजे मध पिकला. फुलातून आणलेला पाण्यासारखा पातळ रस पंखांच्या वाऱ्यानं आटवून माश्या तो असा बंद करतात. पोळ्याचा एक तुकडा पानावर ठेवून त्यांनी माझ्यापुढे धरला. “ह्यो जांभळाचा. हिरड्याचा अजून उतरायचाय.” गोडीच्या मागून किंचित कडवटपणा आला आणि जिभेवर बराच वेळ राहिला.

म्हणजे रसाला झाड आठवत नसेल, पण मधातून ते गेलेलं नव्हतं. एका फेरीत माशी सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते, हे ॲरिस्टॉटलनंही नोंदवून ठेवलं आहे. चांगला फुलोरा सापडलेली माशी पोळ्यावर नाचून इतरांना त्याची दिशा आणि अंतर सांगते. ती नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. जांभळाचं झाड बहरलं की पेटीतला मध मुख्यतः जांभळाचा होतो, तो यामुळे. शिवाय मधात परागकण राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची ठेवण पाहून जाणकार झाडं ओळखतात.

घरी येऊन उपनिषद पुन्हा उघडलं. मधाचा दृष्टान्त सांगताना आपण जिथे थांबतो, तिथे उद्दालक थांबत नाही. वाघ, सिंह, लांडगा, रानडुक्कर, किडा, पतंग, डास: इथे जो जे होता, तो पुन्हा तेच होतो, असं तो लगेच म्हणतो. वाघाचं वाघपण आणि डासाचं डासपण त्या एकत्वात पुसलं जात नाही. शास्त्री याचा अर्थ कर्माच्या अंगानं लावतील, तो लावावाच. मला मात्र त्या यादीतला डास फार मोलाचा वाटतो. सत्‌मध्ये त्याचीही नोंद राहते.

आता दुसरं एकत्व पाहा. ठिकठिकाणचा मध एकत्र ओतून, तापवून, इतका बारीक गाळतात की परागच निघून जातो. बाटली स्वच्छ दिसते, वर्षभर एकच चव लागते, आणि तो कुठल्या रानाचा हे सांगायला आत कुणी उरत नाही. अनेकांना एक करायचं म्हणजे त्यांची ओळख गाळून टाकायची, असं मानणारी माणसं मध सोडून इतर बाबतींतही हेच करताना दिसतात. या प्रकाराला उद्दालकाचा आधार नाही.

त्या दिवशी मधपाळांना मी विचारलं, व्यापारी दोन्ही मधांना वेगळा भाव देतो का? “न्हाई, एकच.” तरीही जांभळाचा आणि हिरड्याचा मध ते वेगवेगळ्या डब्यांत भरतात. मिसळला तर वजनात काही फरक पडणार नाही, हे मी म्हणून पाहिलं. “पडत न्हाई,” ते म्हणाले, आणि पुढच्या पेटीकडे वळले.