गप्प बसलेला ससा

होळी झाली की आमच्या घरात कापूस उडायला लागतो. जालन्याच्या माणसाला कापसाचं काय कौतुक, पण हा कापूस म्हणजे आमचा ससा. अंगोरा जातीचा, पांढराशुभ्र, बोटभर लांब केसांचा. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचे केस झडतात. चहाच्या कपात केस, चार्जरच्या वायरीला केस, आईच्या काळ्या साडीचं तर विचारूच नका.

हे केस विंचरून काढावेच लागतात. ससा स्वतःला चाटून साफ करतो आणि सैल झालेले केस पोटात जातात. मांजर ते ओकून टाकते, सशाला ओकताच येत नाही. खाणं थांबलं, लेंड्या थांबल्या, की एकदोन दिवसांत जीवावर बेतू शकतं. त्यात आपल्याकडचं ऊन. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. अंगोरा सशांवर काम करणारं सरकारी केंद्र आहे ते हिमाचलात, कुलूजवळच्या गारशाला. इथे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. दुकानातून आणताना मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. गोंडस दिसला, आणला.

पहिल्या वर्षी तो विंचरू द्यायचा नाही. लाथा मारायचा, पलंगाखाली पळायचा. मग फोनवर एक व्हिडिओ सापडला: सशाला मांडीवर उताणं करा, लगेच शांत होतो. खरंच झाला. पाय सैल, डोळे उघडे, हूं नाही की चूं नाही. मी पोटाचे, काखेतले गुंते सोडवले आणि फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, ‘साहेब स्पामध्ये’.

तोच फोटो मी कौतुकाने जनावरांच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, ‘हा शांत नाहीये. घाबरून थिजलाय.’ शिकाऱ्याच्या तावडीतून सुटायला वाट उरली नाही की सशाचं शरीर असं गोठतं. बाहेरून झोपल्यासारखं, आत नुसती भीती.

तो फोटो मी लगेच काढून टाकला, पण डोक्यातून जाईना. कारण ‘काही बोलला नाही म्हणजे चालतंय’ हा हिशोब मी एकट्याने थोडाच मांडला होता. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मान खाली घालून बसली की आपण ‘पसंत आहे’ असं परस्पर ठरवतो. ज्याच्या हातात जोर असतो, त्याला समोरच्याची शांतता नेहमी सोयीची वाटते.

भाऊ म्हणाला, ‘मग काय, विंचरायचंच नाही का? लहान पोराला आपण नाक दाबून औषध पाजतोच ना.’ मुद्दा बरोबर आहे. कापसाला विचारत बसलो तर तो मरेल. पण पोराचा ताप मी आणलेला नसतो. कापसाचे हे केस मात्र माणसानेच वाढवलेत, लोकरीसाठी, पिढ्यान् पिढ्या निवड करून. बिळात राहणाऱ्या रानटी सशाला कुणाच्या फणीची गरज पडत नाही. म्हणजे मी करतो ती काही दया नाही. आपणच करून ठेवलेल्या कर्जाचा हप्ता आहे. आणि हप्ता भरताना उपकाराचा चेहरा करायचा नसतो.

२०१३ मध्ये चीनमधल्या अंगोरा फार्मचे व्हिडिओ बाहेर आले होते. जिवंत सशांची लोकर हाताने उपटत होते, ससे किंचाळत होते. अनेक मोठ्या कंपन्यांनी त्यानंतर अंगोरा वापरणं थांबवलं. मी तसा नाही, हे मला माहीत आहे. पण तो किंचाळला नाही, एवढ्यावर माझा हात वेगळा ठरत नाही.

आजी भोकरदनकडची. मेंढरं कातरताना लहानपणापासून पाहिलेली. ती सरळच म्हणाली, ‘मेंढरू कातरून झालं की उठून रानात पळतंय. ह्याला कामून आणलंस इथं?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता मी जमिनीवर बसतो, पेपर अंथरून. कापूस चार पायांवर उभा, बाजूला कोथिंबिरीची जुडी. सैल केस फणीला आपोआप येतात, जिथे अडलं तिथे थांबतो. त्याला जायचं असेल तर जाऊ देतो. पोटाखालचे गुंते मात्र दोघांनी धरून बोथट टोकाच्या कात्रीने कापावे लागतात. तेव्हा तो जोरात लाथ मारतो. मनगटावर ओरखडे आहेत. लाथ मारली की निदान कळतं, कुठे दुखतंय ते.

आज उजवी बाजू झाली. डावी विंचरायला घेतली तेवढ्यात तो उठून कूलरसमोर जाऊन बसला, अर्धा गुळगुळीत, अर्धा पिंजारलेला. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत बघू.